गाणी ऐकण्याचा प्लेअर: हप्त्यांवर आत्ता की कापूस विकल्यावर?

सप्रेम नमस्कार.

अमळनेर ते जळगाव या रोजच्या रेल्वेप्रवासात जुनी नाट्यगीते, अभंग आणि वडिलांच्या कॅसेटांवरून उतरवून घेतलेल्या मैफली निवांत ऐकता याव्यात, यासाठी सोनी वॉकमनचा २६,००० रुपयांचा एनडब्ल्यू-ए३०६ हा प्लेअर नऊ महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांवर घ्यावा का, असे आपण विचारले आहे. जिनिंगमधील हिशेबनिसाच्या नोकरीत हाती येणारे ३१,००० रुपये, बचत खात्यातील ४०,०००, वडिलांच्या नावे असलेले ९०,००० रुपयांचे पीककर्ज आणि गेल्या वर्षी बदललेला, आता कपाटात पडून असलेला जुना मोबाइल, एवढी माहिती आपण दिली आहे. आरोग्य विमा नाही, हेही आपण प्रांजळपणे लिहिले आहे.

माझे मत असे की, आपल्या छंदावर खर्च जरूर करावा, परंतु त्यासाठी आज २६,००० रुपये लागत नाहीत आणि हप्ते तर मुळीच नकोत.

हप्त्यांचे आधी पाहू. बिनव्याजी म्हटल्या जाणाऱ्या योजनेत बँक व्याज लावतेच; तेवढी सूट विक्रेता किमतीत देतो, म्हणून ते आपल्याला दिसत नाही. मात्र त्या व्याजावरील १८ टक्के जीएसटी ग्राहकालाच भरावा लागतो आणि बहुधा प्रक्रिया शुल्कही असते. वार्षिक १६ टक्के दर धरला, तर नऊ महिन्यांचे व्याज साधारण १,६०० रुपये होते. त्यावरील जीएसटी सुमारे २९० आणि २०० रुपयांचे शुल्क करासह २३५, असा सव्वापाचशेचा भुर्दंड पडतो. रोखीने घेतल्यास दुकानदार हजार रुपये कमी करायला तयार आहे, असे आपणच लिहिता. म्हणजे ही सोय आपल्याला दीड हजारांना पडते. रक्कम फार मोठी नाही, हे मान्य. मला खरी काळजी वाटते ती महिना जवळजवळ २,९०० रुपयांच्या हप्त्याची, कारण तो पोळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या काळात सुरू होईल; फवारणी, निंदणी आणि मजुरी यांसाठी घरातून पैसा जातच असतो आणि कापसाचा एक रुपयाही आलेला नसतो. या ओढाताणीत पीककर्जाची मुदत चुकली, तर व्याजसवलत हातची जाते.

आता प्लेअरविषयी. आपल्या पत्रात तीन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत: ऐकताना फोन येतात, मोबाइलमधील जागा संपते आणि आवाजात गोडवा नाही. पहिल्या दोन तक्रारींचे उत्तर आपल्या कपाटातच आहे. त्या जुन्या मोबाइलला इअरफोन जोडण्याचे ३.५ मिमीचे छिद्र आणि मेमरी कार्डाची जागा आहे; सिम कार्ड न घालता तो केवळ गाण्यांसाठी ठेवला, की त्याचाच प्लेअर झाला. ३२० केबीपीएसच्या एमपी३ फाइलला तासाला सुमारे १४४ एमबी जागा लागते, त्यामुळे १२८ जीबीच्या कार्डात आठशेहून अधिक तासांचे संगीत मावेल. सीडीच्या दर्जाच्या फ्लॅक फाइल, म्हणजे दर्जा न घटवता आकार लहान केलेल्या फाइल ठेवल्या, तरी तीनशेहून अधिक तास होतील.

राहिला आवाज. येथे मी थोडा रोखठोक बोलतो. महागडे प्लेअर ज्या उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणासाठी मिरवतात, त्याचा लाभ मूळ मुद्रण तितके चांगले असेल तरच मिळतो. कॅसेटमधील खरखर आणि हरवलेले बारकावे कोणताही प्लेअर परत आणून देऊ शकत नाही. जो फरक आपल्या कानांना सहज कळेल, तो चांगल्या इअरफोनमुळे पडेल. म्हणून पैसे तेथे घालावेत. डब्यातील गोंगाट बाहेर ठेवणारा, कानात घट्ट बसणारा वायरचा इअरफोन निवडावा. तरीही आवाज दबलेला वाटला, तर मोबाइलला जोडता येणारा छोटा डॅक, म्हणजे डिजिटल फाइलचे आवाजाच्या संकेतांत रूपांतर करणारे उपकरण, नंतर घेता येईल.

इअरफोन, कार्ड आणि जुन्या मोबाइलची नवी बॅटरी हे सारे पाच-सहा हजारांत बसावे. जळगावला रोज जाताच, तर गोलाणी मार्केटमध्ये दोन-चार दुकानांत स्वतः ऐकून पाहावे आणि पक्के बिल घ्यावे. बॅटरीविषयी एक सूचना: आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो आणि उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर खंगते, त्यामुळे ती पूर्ण भरलेल्या अवस्थेत उन्हात राहू देऊ नये. महागड्या प्लेअरलाही हा नियम चुकत नाही; उलट त्याची बॅटरी आतच बंदिस्त असल्याने बदलण्याचे काम जिकिरीचे होते. शिवाय हे मॉडेल अँड्रॉइडवर चालते, म्हणजे कालांतराने नवी ॲप त्यावर चालेनाशी होतील. ॲपलने मे २०२२ मध्ये आयपॉड बंद केल्यापासून या वस्तूंची बाजारपेठ मूठभर शौकिनांपुरती उरली आहे, त्यामुळे उद्या विकायचा म्हटले तर गिऱ्हाईक शोधत बसावे लागेल.

वाचलेल्या वीस हजारांतून आधी कुटुंबाचा आरोग्य विमा घ्यावा. आपला पगार २१,००० रुपयांच्या मर्यादेपेक्षा अधिक असल्याने कर्मचारी राज्य विमा योजनेचे संरक्षण आपल्याला नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही लागत नाही. बचत खात्यातील ४०,००० म्हणजे जेमतेम सव्वा महिन्याचा पगार. त्याला या खरेदीसाठी हात लावू नये.

कापूस विकून पीककर्ज फिटल्यावर, जुन्या मोबाइलवर दोन-तीन महिने ऐकूनही वेगळा प्लेअर हवासा वाटला, तर तो रोखीने, भारतातील वॉरंटीसह घ्यावा. त्या वेळी माझी हरकत नसेल.