हरकत घेणं म्हणजे वितंडवाद का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या ग्रामसभेत जो कोणी ठरावावर हरकत घेतो त्याला ‘वितंडवाद घालू नको’ म्हणून गप्प बसवतात, हा शब्द बरोबर वापरला जातो का. नाही, आणि फरक जाणून घेण्यासारखा आहे.

रोजच्या मराठीत वितंडवाद म्हणजे निष्फळ भांडण. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, मात्र त्याला नेमका अर्थ आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे त्या शास्त्राच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे, म्हणजे ‘कथे’चे, तीन प्रकार सांगितलेत. वादात दोन्ही बाजू आपापला पक्ष प्रमाण देऊन मांडतात आणि हेतू असतो खरं काय ते कळावं. जल्पातही दोन पक्ष असतात, पण उद्देश जिंकण्याचा, म्हणून छल (समोरच्याच्या शब्दांचा अर्थ फिरवणं) वगैरे डावपेच चालतात. वितंडा म्हणजे असा जल्प, ज्यात एक जण स्वतःचा पक्ष स्थापनच करत नाही, फक्त समोरच्याचं खोडतो. (त्यामुळे ‘वितंडा’ आणि ‘वाद’ जोडून केलेला आपला शब्द शास्त्राच्या हिशेबानं विचित्रच आहे.)

आपल्याकडचं उदाहरण घेऊ, खाजनाचं (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन) आणि मानशीचं (बांधातलं पाणी अडवायचं दार). कोणी म्हणतो, ‘खाजनात खारं पाणी मानशीच्या मोडक्या दारातून शिरतं, कारण ते भरतीलाच चढतं आणि बांध कुठे फुटलेला नाही.’ दुसरा म्हणतो, ‘दार ठीक आहे, बांधाला खेकड्यांनी भोकं पाडलीत, पाणी तिथून झिरपतं.’ त्याचा स्वतःचा पक्ष आहे, म्हणजे ही वितंडा नव्हे. तिसरा विचारतो, ‘भरतीच्या वेळी दारापाशी जाऊन कोणी पाहिलंय का?’ त्याच्याकडे पक्ष नाही, पण दाखवलं तर तो मान्य करील. जिंकण्याचा हट्ट नाही, म्हणून हीसुद्धा वितंडा नाही. तुमच्या सभेत गप्प बसवतात ते बहुधा अशाच माणसाला, आणि हे मला फार चुकीचं वाटतं. चौथा मात्र ‘दारातून येतं हे सिद्ध नाही’ म्हणतो, भोकं दाखवली तर ‘तेही सिद्ध नाही’ म्हणतो, आणि भरतीच्या वेळी बघायला चला म्हटलं तर येत नाही. वितंडा ही.

ओळखायची युक्ती न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातच सापडते: वैतंडिकाला, म्हणजे वितंडा करणाऱ्याला, त्याचं प्रयोजन विचारा. त्यानं काही सांगितलं, तर तोच त्याचा पक्ष झाला आणि वैतंडिकपण सुटलं. सांगितलंच नाही, तर तो ना लौकिक (सामान्य माणूस) ना परीक्षक (तपासून पाहणारा), त्याच्याशी चर्चा संभवत नाही. म्हणून सभेत आधी विचारा, ‘तुमच्या मते पाणी कुठून येतं?’ आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. लिहून घेतलं नाही तर हरल्यावर प्रतिज्ञा, म्हणजे मांडलेला दावा, बदलते, त्याला प्रतिज्ञांतर म्हणतात. पाण्यावरून गाडी रस्त्यावरच्या दिव्यांवर गेली तर ते अर्थांतर. निग्रहस्थानं, म्हणजे हार मानायला लावणाऱ्या चुका, एकूण 22 आहेत. सभेत मुख्यतः याच दोन दिसतात.

वितंडा शास्त्रानं सरसकट टाकाऊ ठरवलेली नाही. कोवळ्या रोपांना काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसे जल्प आणि वितंडा तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी, असं न्यायसूत्र सांगतं. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनानं तर ‘माझी प्रतिज्ञाच नाही’ असं उघड म्हटलं, आणि त्याला वैतंडिक म्हणावं की नाही यावर आजही मतभेद आहेत. तुमच्या सभेतल्या त्या तिसऱ्या माणसासाठी मराठीत ‘शंका’ हा साधा शब्द आहे, तोच वापरा.