होळी ते मे या दिवसांत कोकणात गळ टाकायचा तर सुरुवात किनाऱ्यावरून करू की कयाकवरून?

तुम्ही पुण्यात राहता, नवा रॉड आणि वापरलेली कयाक घेतली आहे, होळीपासून मेअखेरपर्यंतच्या सुट्ट्यांत रत्नागिरीकडे येणार आहात आणि खाऱ्या पाण्यात आजवर गळ टाकलेला नाही, असं तुम्ही लिहिलंय. कुठून सुरू करू, काय लागेल आणि आमिष कोणतं घेऊ, हे तुमचे प्रश्न. मी रत्नागिरीचा. लहानपणापासून गरवतो, कयाक मात्र मोठेपणी आली. माझं मत स्पष्ट आहे: आधी किनारा, मग खाडीत कयाक, आणि उघड्या समुद्रात कयाक सगळ्यात शेवटी, तीही फक्त सकाळी.

रॉड-रीळ या गोष्टींकडे नंतर वळू. आधी घरातलं पंचांग किंवा तिथीचं कॅलेंडर काढा. आपल्याकडचे जुने मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुक्ल असो की कृष्ण, दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजायचं. हा हिशेब मुंबईच्या आसपास बऱ्यापैकी जुळतो. दक्षिणेकडे भरती लवकर येते, म्हणून रत्नागिरीला त्यातून पाऊण-एक तास वजा करा. पाण्याची उंचीही दक्षिणेकडे कमी होत जाते. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या घरात जातो, रत्नागिरीला त्याच्या जेमतेम निम्मा असतो, मालवणला आणखी कमी. मोबाईलवर भरतीचं कोष्टक मिळतं, ते जरूर बघा. पण पाऊणपट डोक्यात असली की सुट्टी ठरवतानाच कळतं, त्या दिवशी पाणी तुमच्या बाजूचं आहे की नाही.

एक लक्षात ठेवा, फाल्गुन पौर्णिमा विषुवदिनाच्या आगेमागे येते. त्यामुळे शिमग्याचं उधाण वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी असतं. एरवी न दिसणारे खडक ओहोटीला उघडे पडतात, बायका कालवं काढायला लांबपर्यंत जातात. गळ टाकायला हे दिवस अवघड, पण जागा बघायला उत्तम. ओहोटीला हिंडून कुठे खड्डा आहे, कुठे कपार आहे, खाडीचा खोल भाग कुठून वळतो, याचे फोटो काढून ठेवा. पुढच्या आठवड्यात तिथे पाणी असेल, पण तळ तुम्हाला माहीत असेल.

आता किनारा. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, नवखा माणूस जमेल तितक्या लांब फेकतो. त्याची गरज नसते. लाटा फुटतात तिथे वाळूचा उंचवटा असतो आणि त्याच्या अलीकडे, किनाऱ्याला समांतर, जरा काळसर पाण्याचा पट्टा दिसतो. तिथे लाट फुटत नाही कारण तिथे खोली आहे. मुडदुशी, पालू, नशीब असेल तर रावस याच पट्ट्यात चरतात, आणि तो पट्टा बऱ्याचदा तुमच्यापासून वीस-तीस मीटरवरच असतो. भरती चढताना तिथे टाका. पाण्यात उतरायचं तर पाय उचलून न टाकता वाळूत घासत चाला, पाकट अंगावर वाळू ओढून पडलेली असते. तिचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना उतरते. मग डॉक्टरकडे जायचंच.

माझी खरी आवड मात्र खाडीच्या कडेची. पंचमी ते अष्टमी या तिथींना दुपारी भरती होऊन संध्याकाळी पाणी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, लागतं. कांदळवनातून छोटे ओघळ खाडीला मिळतात, तिथून गढूळ पाणी बाहेर येतं आणि खाडीच्या स्वच्छ पाण्याशी त्याची सरळ रेघ दिसते. त्या रेघेवर उभे राहून बघा. आधी बोय माशांची पिल्लं एकदम विस्कटतात, दोन-चार हवेत उडतात, मग पाण्याखालून ‘गप्प’ असा जड, पोकळ आवाज येतो. तो जिताडा. तोंड उघडून तो पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, त्याचा तो आवाज. अशा वेळी आवाजाच्या जागेवर थेट फेकू नका. वरच्या अंगाला टाका आणि प्रवाहाबरोबर आमिष खाली येऊ द्या, कारण तो प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. लागल्यावर तो उडी मारून डोकं झाडतो. तेव्हा रॉडचं टोक खाली घ्या आणि दोर सैल पडू देऊ नका. त्याच्या कल्ल्यांची कड पात्यासारखी धारदार असते. तिथे बोटं घालून उचलायला जाऊ नका, खालचा जबडा पकडा.

जिताड्याबद्दल आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. आठ-दहा किलोंचा जिताडा जवळजवळ नेहमीच मादी असते, आणि मेमध्ये ती खाडीच्या मुखाकडे येते ती पावसाच्या तोंडावर अंडी घालण्यासाठी. दोन-तीन किलोंचा घरी न्या, चवीलाही तोच चांगला. मोठी मादी फोटो काढून, पाण्यात उभी धरून, तिने शेपूट मारेपर्यंत थांबून सोडून द्या. तिच्या पोटात लाखो अंडी असतात. रायगड-रत्नागिरीच्या खाड्यांत जिताडा आधीच दुर्मिळ झालाय आणि गळ टाकणाऱ्याच्या हातात एवढं तरी आहे. सुरमईसाठी राज्य सरकारने ३७० मिलिमीटर ही किमान लांबी ठरवून दिली आहे, त्याहून लहान लागली तर तीही परत.

खडकांवर तांबोशी आणि गोबरा. दोघेही आमिष घेतल्या घेतल्या कपारीत शिरतात, पहिल्या दोन-तीन सेकंदांत ओढून बाहेर काढलं नाही तर दोर खडकाला घासून तुटतो. म्हणून तिथे ड्रॅग (रिळाचा ब्रेक) घट्ट हवा आणि लीडर (गळाजवळचा दोराचा शेवटचा तुकडा) जाड. पण माशापेक्षा लाटेकडे लक्ष द्या. एप्रिल-मेमध्ये वारा नसतानाही लांब अंतराच्या मोठ्या लाटा येतात. त्या दूर दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांतून निघून इथवर पोचलेल्या असतात. दहा मिनिटं समुद्र शांत दिसतो आणि मग तीन-चार मोठ्या लाटा एकापाठोपाठ येतात. खडकावर उतरण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. जिथवर खडक ओला आहे तिथवर लाट येते, त्याच्या वरच उभं राहायचं. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेकडून उंच लाटांचे इशारे निघतात. इशारा असेल त्या दिवशी खडक आणि कयाक दोन्ही बंद.

आता कयाक. या महिन्यांत वाऱ्याचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं असतं. रात्री उशिरापासून सकाळी साडेआठ-नऊपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा, मग थोडा वेळ तो पडतो, आणि अकराच्या सुमारास वायव्येचा वारा सुरू होतो. दुपारी दोनला सगळीकडे पांढऱ्या लाटा. दुपारच्या वाऱ्याला सगळेच घाबरतात, कारण तो दिसतो. नवख्याला खरा धोका सकाळच्या वाऱ्याचा असतो. जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यालगत लाट उभी करायला जागाच मिळत नाही, म्हणून पाणी गुळगुळीत दिसतं. तुम्ही मजेत बाहेर जाता, मासा लागतो, दहा-पंधरा मिनिटं त्यात जातात आणि मान वर करता तेव्हा किनाऱ्यावरची सुरूची झाडं बारीक झालेली असतात. त्यात सुकती असेल तर खाडीचं पाणीही बाहेरच ओढतं. वारा आणि सुकती एकाच दिशेला, आणि तुम्ही एकटे वल्हं मारताय. शिवाय खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो. बाहेर पडणारं सुकतीचं पाणी आणि समोरून येणारी लाट त्याच्यावर भिडतात आणि जाताना सपाट असलेली जागा परतताना फुटत असते. भाट्याला काजळी नदीच्या मुखाशी कडेवर उभं राहून हे एकदा बघा, माझं म्हणणं लगेच पटेल.

म्हणून पहिल्या काही सकाळी एकादशी ते त्रयोदशी या तिथींना, खाडीच्या आतच काढा. त्या दिवसांत रत्नागिरीला सकाळी सव्वासात ते नऊच्या दरम्यान पूर्ण भरती होते. उजाडताना पाणी आत चढत असतं, म्हणजे काही चुकलं, वल्हं हातातून गेलं, तरी प्रवाह तुम्हाला खाडीत आत नेईल, समुद्राकडे नाही. भरती थांबली की निघायला लागा, सुकतीची वाट बघू नका. जयगडची शास्त्री, दाभोळची वाशिष्ठी या मोठ्या खाड्यांत बोटींची आणि जहाजांची ये-जा असते, तिथे मधल्या खोल मार्गात थांबू नका.

लाइफ जॅकेट अंगावर घालायचं, मागे बांधून ठेवायचं नाही. त्याला शिट्टी. वल्ह्याला दोरी. मोबाईल जलरोधक पिशवीत गळ्यात. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ त्यात जतन केलेला. जवळ ओळखपत्र ठेवा आणि निघण्याआधी बंदरावर कुणाला तरी सांगा. अंधारात अनोळखी कयाक दिसली की चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. कयाक उलटी करून परत तिच्यावर चढण्याचा सराव छातीभर पाण्यात आधी करा. हे जमेपर्यंत रॉड घरी ठेवा.

स्थानिकांशी बोलणं हा सोपस्कार समजू नका. खाडीत कुणाची जाळी लावलेली असते, पुळणीवर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं) ओढायची जागा ठरलेली असते. तिथे तुमचा गळ जाळ्यात अडकला तर नुकसान त्याचं, ज्याचं पोट त्यावर आहे. आधी विचारलंत तर तोच माणूस तुम्हाला जागा दाखवील. मालवणला सागरी अभयारण्य आहे, तिथे गळ टाकण्याआधी वन विभागाकडे चौकशी करा. आणि मार्च ते मे हे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाण्याचे दिवस. वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी अशा पुळणींवर रात्री डोक्याला बॅटरी लावून फिरू नका, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राऐवजी जमिनीकडे चालू लागतात.

सामानाचं थोडक्यात. किनाऱ्यासाठी नऊ फुटी रॉड, ४००० ते ५००० आकाराचं रीळ, ३० पौंडी ब्रेड (विणलेला दोर) आणि ४० पौंडी लीडर. कयाकवर तोच रॉड अडचणीचा होतो, सात फुटी वेगळा घ्या. पैसे जपून खर्च करायचे असतील तर रिळावर करा, खारं पाणी स्वस्त रीळ एका मोसमात खाऊन टाकतं. दर वेळी घरी आल्यावर गोड्या पाण्याने हलकेच धुवा, जोराची धार मारू नका, मीठ आत जातं.

आमिषाचं म्हणाल तर दुकानातल्या रंगीत लुअरचा (नकली आमिषांचा) डबा घ्यायची गरज नाही. चार इंची पांढरा रबरी मासा, दोन वजनांचे जिग हेड (वजनदार डोक्याचे गळ) आणि एक चमचा (धातूचं चकचकीत आमिष) एवढं पुरे. त्याबरोबर त्याच खाडीतली ताजी कोळंबी, पाग (फेकायचं जाळं) टाकणाऱ्याकडून पहाटे विकत घेतलेली. जिवंत मिळाली तर शेपटीच्या शेवटच्या पेऱ्यातून गरी (गळाचा आकडा) घाला, डोक्यातून घातली तर लगेच मरते. कोळंबीला शिंगाळा लागेल, त्याच्या तिन्ही काट्यांपासून हात सांभाळा, गरी पकडीने सोडवा. केंडही लागेल. त्याचं विष शिजवून जात नाही, तेव्हा तो सोडून द्या आणि कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागेल असा किनाऱ्यावर टाकू नका.