टोपणनावाचे सुतक

प्रश्न : माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत. एका मराठी संकेतस्थळावर गेली नऊ वर्षे त्यांची एका गृहस्थांशी मैत्री होती. दोघांची भेट कधी झाली नाही, वडिलांना त्यांचे टोपणनावच काय ते ठाऊक. गेल्या महिन्यात त्यांच्या निधनाची बातमी आली आणि वडील दोन दिवस धड जेवले नाहीत. ‘आता आयडीचेही सुतक पाळायचे का?’ असे मी थट्टेने म्हणालो, ते त्यांना फार लागले. अशा मैत्रीला खरी म्हणावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : म्हणावे. आणि आधी वडिलांची क्षमा मागावी. सुतक भावकीपुरते असते, दुःखाला तसा नियम नाही.

टोपणनावाने माणूस खोटा ठरत असता, तर चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘आरती प्रभू’ या नावाने लिहिलेली कविताही खोटी ठरली असती.

नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाला स्नायू क्षीण करत नेणारा ड्यूशेन हा आजार होता. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात तो ‘इबेलिन’ या नावाने वावरत असे. २०१४ मध्ये, वयाच्या २५व्या वर्षी तो गेला, तेव्हा मुलाचे आयुष्य एकाकीपणातच सरले, असे आईवडील धरून चालले होते. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी निधनाची वार्ता दिली आणि अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली : अडचणीच्या काळात याने आमचे ऐकून घेतले, धीर दिला. अंत्यविधीला परदेशातूनही मित्र आले. विशेष म्हणजे, आपला आजार त्याने या मित्रांपासून बराच काळ लपवला होता.

लपवणे वेगळे आणि लुबाडणे वेगळे. डुआयडी (एकाच माणसाने दुसऱ्या नावाने उघडलेले खाते) काढून सहानुभूती किंवा पैसे उकळणारे लोक आहेतच, आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे झालेली फसवणूक आपण खरी मानतो; मग तिथलाच जिव्हाळा तेवढा ‘आभासी’ (हा शब्द मला कधीच पटलेला नाही) कसा?

तुमच्या वडिलांची अडचण निराळी आहे. एरवी आपण मित्राच्या घरी भेटून येतो, चार आठवणी काढतो. त्यांना जायला दारच नाही. त्या गृहस्थांचे लेखन त्यांच्याकडून ऐका. संकेतस्थळाच्या चालकांमार्फत निरोप पोचवता आला, तर त्यांच्या कुटुंबाला वडिलांनी पत्र लिहावे. मॅट्सच्या आईवडिलांना आपल्या मुलाची ओळख अशा पत्रांतूनच झाली होती.