फर्ग्युसन चौदाव्या वर्षी खेळला, म्हणून तुमच्या मुलाला उशीर झालेला नाही

पत्र (थोडक्यात): आम्ही बरीच वर्षं डब्लिनजवळ लूकनला राहतो. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, शाळेत थर्ड इयरला, म्हणजे माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षाला. इथल्या क्लबकडून फुटबॉल खेळतो, पुढे, स्ट्रायकर म्हणून. लीग ऑफ आयर्लंड या इथल्या मोठ्या लीगमधल्या एका क्लबच्या अकादमीने त्याला ट्रायलला बोलावलंय. तेव्हापासून एकच धोशा लावलाय: "एव्हन फर्ग्युसन चौदाव्या वर्षी मोठ्यांच्या संघात होता, मला आधीच उशीर झालाय, ज्युनिअर सर्ट (थर्ड इयरची बोर्डाची परीक्षा) झाली की शाळा सोडतो." ह्यांना वाटतं, त्याने मेडिसिनचं बघावं. रोज जेवायला बसलं की वाद. त्यात एका एजंटचा फोन येतो, इंग्लंडला ट्रायल लावून देतो म्हणतो. मुलगा अंगाने किरकोळ आहे, त्याचीही काळजी वाटते. आमच्या दोघांच्याही घरात क्रिकेटपलीकडे कुणी काही खेळलेलं नाही. काय करावं?

नमस्कार ताई,

तुमच्या घरात "शाळा की फुटबॉल" असा वाद चाललाय. माझं म्हणणं असं, की निदान अठराव्या वर्षापर्यंत हा प्रश्न निवडीचा नाहीच. असं का म्हणतो ते सांगतो, पण आधी तुमचे चिरंजीव ज्याचं नाव घेऊन भांडतायत त्या फर्ग्युसनबद्दल बोलू. त्याची गोष्ट त्यांनी अर्धीच सांगितलेली दिसते.

जे सांगितलं ते खरं आहे. एव्हन फर्ग्युसन हा आयर्लंडचा स्ट्रायकर, मीथ काउंटीतल्या बेटीस्टाउनचा, जन्म ऑक्टोबर २००४चा. जुलै २०१९मध्ये इंग्लंडच्या चेल्सीचा संघ डब्लिनमधल्या डॅलीमाउंट पार्कवर बोहेमियन्स या तिथल्या क्लबशी मैत्रीपूर्ण सामना खेळायला आला. फ्रँक लॅम्पार्ड चेल्सीचा मॅनेजर झाल्यावरचा हा पहिलाच सामना, १-१ असा सुटला. त्यात बोहेमियन्सकडून चौदा वर्षांचा फर्ग्युसन बदली म्हणून उतरला. त्याच वर्षी लीगमध्येही खेळला. जानेवारी २०२१मध्ये, सोळाव्या वर्षी, इंग्लंडच्या ब्रायटन क्लबने त्याला घेतलं. ३१ डिसेंबर २०२२ला आर्सेनलविरुद्ध त्याचा प्रीमियर लीगमधला, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमधला, पहिला गोल झाला आणि मार्च २०२३मध्ये लाटव्हियाविरुद्ध आयर्लंडसाठी पहिला. २ सप्टेंबर २०२३ला न्यूकॅसलविरुद्ध हॅटट्रिक! प्रीमियर लीगमध्ये एकोणीस पूर्ण व्हायच्या आत हॅटट्रिक करणारा तो चौथाच खेळाडू. इथपर्यंत वाचलं की कुठल्याही पंधरा वर्षांच्या मुलाला आपण मागे पडलो असं वाटणारच.

पण त्याच नोव्हेंबरनंतर त्याचे प्रीमियर लीगमधले गोल आटले, ते सुमारे अकरा महिने. मध्ये घोटा दुखावला. फेब्रुवारी २०२५मध्ये तो लोनवर, म्हणजे उसना खेळाडू म्हणून, वेस्ट हॅमला गेला. तिथे मॅनेजर ग्रॅहम पॉटर, म्हणजे ज्याने त्याला ब्रायटनमध्ये पहिली संधी दिली तोच. तरी तिथे एकही गोल नाही. मग उन्हाळ्यात पुन्हा लोन, इटलीतल्या रोमा क्लबला. आयर्लंडसाठी तो पुन्हा गोल करू लागला आणि नोव्हेंबर २०२५चे विश्वचषक पात्रतेचे निर्णायक सामने आले तेव्हा दुखापतीमुळे बाहेर बसला. तो संपला असं मी म्हणत नाहीये. हे सगळं होऊनही तो जेमतेम एकवीस वर्षांचा होता! म्हणायचंय ते एवढंच, की चौदाव्या वर्षी सुरुवात झाल्याने पुढची वाट सरळ होत नाही.

त्या नोव्हेंबरमध्ये गोल कुणी केले, हे चिरंजीवांना विचारा. त्यांना पाठ असेल. ट्रॉय पॅरट. डब्लिनमध्ये पोर्तुगालविरुद्ध दोन, तीन दिवसांनी बुडापेस्टला हंगेरीविरुद्ध तीन, त्यातला शेवटचा इंज्युरी टाइमच्या अगदी शेवटी. आयर्लंड ३-२ने जिंकलं. आता त्याचा मधला काळ बघा. २०१९च्या डिसेंबरमध्ये सतराव्या वर्षी टॉटनहॅमकडून प्रीमियर लीगमध्ये उतरला, सामना संपल्यावर मॅनेजर मोरिन्योने चेंडू त्याच्या हातात दिला. सगळ्यांना वाटलं, झालं, सापडला. त्यानंतर मिलवॉल, इप्सविच, एमके डॉन्स, प्रेस्टन आणि मग हॉलंडमध्ये एक्सेलसिऑर, दरवर्षी नवा क्लब, नवं घर. २०२४मध्ये तो एझेड आल्कमारकडे कायमचा गेला आणि तिथे त्याचा जम बसला. "आयर्लंडचा पुढचा मोठा स्ट्रायकर" हा शिक्का बसल्यापासून तो खरा ठरेपर्यंत जवळजवळ सहा वर्षं गेली. वर्तमानपत्रं ती सहा वर्षं एका ओळीत उरकतात, पण मुलाला आणि त्याच्या घरच्यांना ती एकेक दिवस काढावी लागतात.

आता नियमाकडे येतो. तुमच्या वादाचं उत्तर खरं तर तिथेच आहे. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जाता येत नाही, हा फिफाचा नियम. त्याला मोजके अपवाद आहेत. त्यातला एक असा, की युरोपीय संघाच्या हद्दीतल्या हद्दीत सोळाव्या वर्षानंतर जाता येतं. ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर आयरिश पोरं सोळाव्या वर्षी बॅग भरून इंग्लंडला जायची, पिढ्यानपिढ्या हाच रिवाज. ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१पासून, ती वाट बंद झाली. फर्ग्युसनचं जाणं अगदी त्या उंबरठ्यावरचं. म्हणजे त्याने जे सोळाव्या वर्षी केलं, ते तुमच्या मुलाने कितीही ठरवलं तरी इंग्लंडपुरतं होणार नाही. शाळा सोडली तरी नाही, आणि नाही सोडली तरी नाही.

मग आताच्या मुलांसाठी नमुना कोण? माझ्या मते मेसन मेलिया. विकलो काउंटीतला मुलगा, जन्म सप्टेंबर २००७चा. सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिक या डब्लिनच्या क्लबकडून अगदी लहान वयातच लीगमध्ये खेळायला लागला. फेब्रुवारी २०२५मध्ये टॉटनहॅमशी सौदा ठरला, लीग ऑफ आयर्लंडच्या तोवरच्या इतिहासातला सर्वांत महागडा. पण त्याला जाता आलं कधी? अठरा पूर्ण झाल्यावर, जानेवारी २०२६मध्ये. तोपर्यंत स्वतःच्या देशात, स्वतःच्या लीगमध्ये, तगड्या बाप्यांच्या बचावफळीशी धक्काबुक्की करत खेळला. माझं प्रामाणिक मत विचाराल तर हे पोरांसाठी बरंच झालं. सोळाव्या वर्षी परक्या गावी भाड्याच्या खोलीत राहून बाकावर बसण्यापेक्षा घरचं जेवून शुक्रवारी रात्री खऱ्या लीगमध्ये खेळणं केव्हाही चांगलं.

आता तुमचं गणित मांडू. मुलगा थर्ड इयरला आहे. जूनमध्ये ज्युनिअर सर्ट. पुढे ट्रान्झिशन इयर (थर्ड इयरनंतरचं जादा वर्ष) घेतलं तर लीव्हिंग सर्टला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या बोर्डाच्या परीक्षेला, बसेल तेव्हा अठराच्या आसपास असेल. म्हणजे इंग्लंडचं दार ज्या सुमारास उघडतं, शाळाही त्याच सुमारास संपते. मग शाळा सोडून तो नेमका जाणार कुठे? आयर्लंडमध्ये सोळा वर्षं आणि माध्यमिकची तीन वर्षं पूर्ण झाली की कायद्याने शाळा सोडता येते, हे तो बरोबर सांगतोय. पण सोडून मिळेल काय? दिवसभर मोकळा वेळ आणि संध्याकाळी तोच सराव, जो शाळेत असतानाही होणार आहे.

म्हणून माझा पहिला आग्रह ट्रान्झिशन इयरचा. आपल्याकडचे बरेच पालक ते "वाया जाणारं वर्ष" म्हणून टाळतात. यजमानांचंही तेच म्हणणं असेल तर त्यांना सांगा, बोर्डाच्या परीक्षेची तयारी नसलेलं हे एकच वर्ष आहे आणि ते नेमकं पंधरा-सोळाच्या वयात येतं. अकादमीत गेला तर सराव आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी असतो आणि शनिवार-रविवारी सामना, तोही कधी कॉर्कला, कधी डेरीला. हे शरीराला आणि झोपेला झेपतंय का, हे बघायला परीक्षेचं ओझं नसलेलं वर्ष मिळतंय. वर्षाअखेर तो थकून गेलेला असेल, किंवा आणखी भुकेला झालेला असेल. दोन्हींतून तुम्हाला काहीतरी कळेल, आणि आज सगळ्यांनी जेवताना घातलेल्या वादातून काहीच कळणार नाही.

अडचण पुढे आहे, ती लपवत नाही. लीग ऑफ आयर्लंडचा हंगाम फेब्रुवारी ते नोव्हेंबर चालतो, म्हणजे जूनमध्ये लीव्हिंग सर्टचे पेपर आणि सामने एकदमच. त्या वर्षी एप्रिल ते जून क्लबशी बोलून सराव कमी करून घ्यावा लागेल. ट्रायलच्या दिवशी अकादमीच्या प्रमुखाला हेच विचारा: मागच्या दोन-तीन वर्षांत तुमच्याकडची किती मुलं लीव्हिंग सर्टला बसली आणि तेव्हा तुम्ही वेळापत्रकात काय बदललं? चांगली अकादमी नावानिशी सांगेल. "आम्ही शिक्षणाला महत्त्व देतो" एवढंच मिळालं, तर समजून जा.

मेडिसिनचं म्हणाल, तर यजमानांना थोडा धीर धरायला सांगा. आज ठरवायचं फक्त विषयांचं आहे. फिफ्थ इयरला गणित हायर लेव्हलला ठेवावं, त्याचे पंचवीस जादा गुण लीव्हिंग सर्टच्या कमाल ६२५ गुणांच्या हिशेबात मोठे असतात. जीवशास्त्र, रसायनशास्त्र ठेवलं की मेडिसिन, फिजिओथेरपी, क्रीडाविज्ञान या सगळ्या वाटा उघड्या राहतात. मेडिसिनसाठी एचपॅट ही वेगळी प्रवेशपरीक्षा आहेच, पण तो सिक्स्थ इयरचा विषय. आणखी एक लक्षात असू द्या: युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनचा स्वतःचा संघ लीग ऑफ आयर्लंडमध्ये खेळत आला आहे, आणि तिथे शिष्यवृत्तीवर शिकत खेळता येतं. पदवी आणि लीग एकत्र करायची सोय असलेला देश आहे तो, तिचा फायदा घ्या.

किरकोळ अंगाचं म्हणाल, तर या वयात एकाच संघात एक मुलगा दाढी करतो आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. फर्ग्युसन लवकर थोराड झाला, म्हणून चौदाव्या वर्षी मोठ्यांत उभा राहू शकला, यात उंची आणि हाडापेराचा वाटा होताच. शिवाय त्याचे वडील बॅरी स्वतः व्यावसायिक खेळाडू, तेव्हा मैदानाचे छक्केपंजे घरातच. तुमच्या मुलाकडे ते नाही, पण लहानखुऱ्या मुलाला या वयात धक्क्याने चेंडू मिळत नाही, म्हणून त्याला जागा आधी हेरावी लागते, पहिला स्पर्श नीट करावा लागतो. उंची नंतर येते. ही सवय मात्र नंतर लागत नाही. ट्रायलमध्ये त्याला घेतलं नाही तर कारण विचारा. "अजून लहान आहे" असं उत्तर आलं तर वर्षभराने पुन्हा जायला हरकत नाही. "गोलकडे पाठ करून चेंडू घेता येत नाही" असं आलं तर ते काम आहे, आणि ते स्थानिक क्लबातही करता येतं.

एजंटचा विषय थोडक्यात संपवतो. फिफाचा परवाना, अल्पवयीन मुलांसाठी लागणारी वेगळी पात्रता आणि तुमची लेखी संमती यांशिवाय त्याला या मुलाचं काम पाहता येत नाही. परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर आहे, नाव शोधा. आणि पंधरा वर्षांच्या मुलाला इंग्लंडचा क्लब करारात घेऊच शकत नाही हे माहीत असून जो "ट्रायल लावून देतो" म्हणतो, त्यातही पैसे मागतो, त्याचा नंबर ब्लॉक करा. उद्या खराच करार समोर आला तर सही करण्याआधी खेळाडूंची संघटना, पीएफए आयर्लंड, आणि एखादा वकील या दोघांना कागद दाखवा.

आणि एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मी विचारतो. मुलाचा पासपोर्ट कोणता? आयरिश असेल तर अठरानंतर ब्रिटनमध्ये खेळायला त्याला वर्क परमिट लागत नाही, सोळानंतर हॉलंड, इटलीची वाटही सोपी होते. भारतीय असेल तर या दोन्ही ठिकाणी कागदपत्रांची मोठी भिंत उभी राहते. नागरिकत्वाचा अर्ज करायचा की नाही हा तुमच्या घरचा निर्णय आहे, त्यात भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो आणि ओसीआयवर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांच्या कार्डावर) यावं लागतं, आजी-आजोबांनाही ते समजावून सांगावं लागेल. पण प्रक्रियेला वेळ लागतो, म्हणून याचा विचार ट्रायलच्या निकालावर अडवून ठेवू नका.

ट्रायलला मात्र जाऊ द्या, आणि यजमानांनी गाडी चालवत सोबत जावं. कडेला उभं राहून बघावं, मुलगा चेंडू नसताना काय करतो ते. शाळेकडून ट्रान्झिशन इयरचा अर्ज कधीपर्यंत भरायचा आहे ते या आठवड्यातच विचारून घ्या. काही शाळांत जागा मर्यादित असतात आणि मुलाखतही होते. निकाल काय लागला आणि अकादमीने लीव्हिंग सर्टच्या प्रश्नावर काय उत्तर दिलं, दोन्ही कळवा. पुढचं त्यावरून ठरवू.