गोव्यात नर्सला औषधं लिहून देता येतात का?

आज तरी नाही. मामेबहीण इंग्लंडात स्वतःच्या सहीने प्रिस्क्रिप्शन लिहिते, मग बांबोळीला एमएस्सी नर्सिंग केल्यावर मलाही इथे लिहिता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी फोंड्याला फार्मसी चालवतो, तेव्हा काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो.

चिठ्ठी कुणाची, हे आम्हाला बघावंच लागतं. शेड्यूल एच या सरकारी यादीतलं औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. एच-१ या आणखी कडक यादीतलं असेल (काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं) तर डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या रजिस्टरात उतरवून तीन वर्षं सांभाळायचं. त्या रकान्यात नर्सचं नाव दिसलं तर ड्रग इन्स्पेक्टर आधी मला धरेल. तुमचं शिक्षण किती, हा विषयच तिथे निघत नाही.

बहिणीलाही हा अधिकार नुसत्या नर्सिंगच्या पदवीने मिळालेला नाही. तिथे प्रिस्क्रायबिंगचा वेगळा कोर्स करून तो नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत चढवावा लागतो. २००६ पासून अशा नर्सला आपल्या कामाच्या कक्षेतली बहुतेक औषधं लिहिता येतात. गंमत अशी की त्याच देशात फिजिशियन असोसिएटला (डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या प्रशिक्षित सहायकाला) ती मुभा नाही, आणि अमेरिकेत तसेच फिजिशियन असिस्टंट पन्नासही राज्यांत लिहितात. आपल्याकडे या पेशाला २०२१ च्या अलाइड हेल्थ कायद्यात जागा मिळाली, पण सहीचा अधिकार नाही.

२०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याच्या कलम ३२ मध्ये कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडरला मर्यादित लायसन्सची तरतूद आहे. प्राथमिक उपचारांपुरती ठरावीक औषधं तो स्वतंत्रपणे देऊ शकेल. पण तेवढ्या भरवशावर चिठ्ठी लिहायला जाऊ नका. प्रत्यक्षात आरोग्य मंदिरातली (सरकारी आरोग्य उपकेंद्रातली) सीएचओ, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर, डॉक्टरने ठरवलेली बीपी-शुगरची औषधं पुढच्या महिन्यासाठी देते. माझ्या मते किमान या आधीच चालू असलेल्या गोळ्या पुन्हा लिहायला तिला सही मिळायला हवी. सत्तरी तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसाने त्याच गोळीच्या चिठ्ठीसाठी बस पकडून वाळपई का गाठावी?

आणि ‘नर्स प्रॅक्टिशनर’ या नावाला भुलू नका. क्रिटिकल केअरचा तो दोन वर्षांचा कोर्स चांगला आहे, आयसीयूत प्रोटोकॉलनुसार बरंच काही हाताळता येतं. पण तुमच्या सहीचा कागद घेऊन पेशंट माझ्याकडे आला, तर मला त्याला परत पाठवावं लागेल.