शाफहाउसेनच्या जुन्या संघातली तीन नावं

तुमचा प्रश्न असा : स्वित्झर्लंडमधल्या दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतल्या फुटबॉल क्लबांतून कधी कोणी नाव काढलंय का, आणि काढलं नसेल तर लोक ते सामने बघायला जातात कशासाठी?

मी बारा वर्षं विंटरथूरला राहतोय. शनिवारी-रविवारी आगगाडीने आसपासच्या छोट्या मैदानांवर जाणं हा माझा जिव्हाळ्याचा छंद आहे. तुमच्या प्रश्नाला 'हो, काढलंय' एवढं उत्तर पुरलं असतं. पण ज्या एका संघामुळे मला या क्लबांचं वेड लागलं, त्याची हकिकत सांगितल्याशिवाय ते पटायचं नाही.

विंटरथूरहून अर्ध्या तासावर शाफहाउसेन आहे. ऱ्हाइन नदीचा मोठा धबधबा बघायला आपले पर्यटक जातात ना, तो तिथलाच. गाव जेमतेम चाळीस हजारांच्या आतल्या वस्तीचं. तिथला क्लब १८९६ सालचा आणि त्याचं जुनं मैदान गावावरच्या टेकडीवर, 'ब्राइटे' नावाचं. १९९०-९१ च्या हंगामात हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. मधल्या फळीत वीस वर्षांचा एक स्थानिक मुलगा होता, इटलीहून आलेल्या कुटुंबातला : रॉबर्टो डी मॅटेओ. त्याच्यासोबत तिशीतला एक जर्मन खेळायचा. जर्मनीत त्याला मोठं यश मिळालं नव्हतं, म्हणून तो इकडे आला होता : योआखिम ल्योव. आणि या दोघांचा प्रशिक्षक होता रोल्फ फ्रिंगर.

पुढे काय झालं ते बघा. फ्रिंगर आराऊला गेला, डी मॅटेओही तिथे पोचला आणि १९९३ साली आराऊ स्विस विजेता ठरला. मग डी मॅटेओ इटलीतल्या लाझिओमार्गे इंग्लंडच्या चेल्सीला गेला. १९९७ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात पहिल्याच मिनिटात लांबून मारलेला त्याचा गोल जुन्या प्रेक्षकांना अजून आठवतो. ल्योव मात्र स्वित्झर्लंडमध्येच राहिला. दोन हंगाम आमच्या विंटरथूरकडून खेळला, मग फ्राउएनफेल्डसारख्या लहानशा क्लबात खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दोन्ही कामं एकट्याने केली. १९९५ मध्ये फ्रिंगरला जर्मनीतल्या स्टुटगार्ट क्लबाचं बोलावणं आलं, तेव्हा सहायक म्हणून त्याने या जुन्या शिष्याला सोबत नेलं. वर्षभरात फ्रिंगर स्विस राष्ट्रीय संघाकडे गेला आणि स्टुटगार्टची सूत्रं ल्योवच्या हाती आली.

आता मला सगळ्यात प्रिय असलेला भाग. १३ मे १९९८, स्टॉकहोम, कप विनर्स कप म्हणजे युरोपातल्या देशोदेशीच्या चषकविजेत्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना, चेल्सी विरुद्ध स्टुटगार्ट. स्टुटगार्टचा प्रशिक्षक ल्योव, चेल्सीच्या मधल्या फळीत डी मॅटेओ. सात वर्षांपूर्वी ब्राइटेच्या गवतावर एकाच रंगाचा शर्ट घातलेली दोन माणसं युरोपच्या अंतिम सामन्यात समोरासमोर. झोलाच्या गोलवर चेल्सी १-० ने जिंकली. पुढचं तुम्हाला ठाऊक असेल : २०१२ मध्ये डी मॅटेओने प्रशिक्षक म्हणून चेल्सीला चॅम्पियन्स लीग जिंकून दिली आणि २०१४ मध्ये ल्योवने जर्मनीला विश्वचषक. दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबाच्या एका हंगामातली ही दोन माणसं!

शाफहाउसेनचं हे देणं एवढ्यावर संपत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात स्विस राष्ट्रीय संघाला नवा प्रशिक्षक हवा होता, तेव्हा मुरात याकिनची निवड झाली. तो त्या वेळी शाफहाउसेनचा, म्हणजे दुसऱ्या श्रेणीतल्या संघाचा प्रशिक्षक होता. काही महिन्यांत त्याच्या संघाने इटलीला मागे टाकून विश्वचषकात थेट जागा मिळवली. आणि हाच याकिन बऱ्याच वर्षांपूर्वी फ्राउएनफेल्डलाही प्रशिक्षक होता. ल्योव आणि याकिन, दोघांच्याही पायाला त्या छोट्या मैदानाची माती लागलेली. विंटरथूरहून फ्राउएनफेल्ड गाडीने पंधरा मिनिटांवर आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा कठड्याला टेकून मी बराच वेळ नुसता उभा होतो.

बाझेलचं नाव निघालं की लोकांना एफसी बाझेल आठवतो. त्याच शहरात कॉन्कॉर्डिया नावाचा क्लब आहे, गेली बरीच वर्षं खालच्या श्रेणीत खेळणारा. याकिन लहानपणी तिथे शिकला, गोलरक्षक यान सोमर तिथे शिकला, ग्रॅनिट झाकाही तिथलाच. २०२२ च्या विश्वचषकात स्वित्झर्लंडचा प्रशिक्षक, गोलरक्षक आणि कर्णधार, तिघेही कॉन्कॉर्डियाच्या पोरांत वाढलेले होते. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर या एका वाक्यात आहे.

श्रेण्यांच्या नावांचा घोळ मात्र आधी समजून घ्या, नाहीतर जुन्या याद्या वाचताना फसगत होते. सगळ्यात वर सुपर लीग, तिच्याखाली दहा संघांची चॅलेंज लीग, तिच्याखाली २०१२ पासूनची प्रमोशन लीग आणि त्याहीखाली 'पहिली लीग'. नाव पहिली, पण पायरी चौथी. २०१२ पर्यंत ती तिसरी होती. चॅलेंज लीगला २००३ पर्यंत 'नॅशनल लीग बी' म्हणत. त्यामुळे एखाद्या खेळाडूच्या माहितीत 'पहिली लीग' दिसली की आधी साल बघा.

खालच्या श्रेणीत बरेच जण नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळतात. इंग्लंडच्या न्यूकॅसलच्या बचावफळीत नाव कमावलेला फाबियान शेअर विल या गावच्या क्लबात होता, तेव्हा बँकेत शिकाऊ म्हणून काम करत होता. २०१२ मध्ये बाझेलने त्याला उचललं. मॅन्युएल अकांजी वीस वर्षांचा होईपर्यंत आमच्या विंटरथूरचा होता. तोही आधी शेजारच्या वीझेनडांगेन गावच्या क्लबातून आलेला. २०२३ मध्ये त्याने मँचेस्टर सिटीकडून चॅम्पियन्स लीग जिंकली.

अशा गावच्या क्लबांच्या हाती काय लागतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे, असा फिफाचा नियम आहे. बाराव्या ते पंधराव्या वर्षांसाठी दर हंगामाला पाव टक्का, पुढच्या वर्षांसाठी अर्धा टक्का. म्हणजे एखादं पोर बारा ते पंधरा अशी चार वर्षं गावात खेळलं आणि पुढे एक कोटी युरोला परदेशी गेलं, तर गावच्या क्लबाला एक लाख युरो मिळतात. तेवढ्यात मैदानाचे दिवे होतात, मुलांसाठी नव्या खोल्या होतात. शनिवारी सकाळी पोरांचे बूट पुसून देणाऱ्या आईवडिलांच्या कष्टांची दखल घेणारा हा नियम मला मनापासून आवडतो.

आता दुसरी बाजू. आज खाली असलेले सगळेच क्लब कायम खाली नव्हते. ला शो-द-फों हे युरा डोंगरातलं घड्याळांचं गाव, हजार मीटर उंचीवर. तिथल्या क्लबाने १९५४ आणि १९५५ अशी लागोपाठ दोन वर्षं स्विस लीग आणि स्विस चषक दोन्ही जिंकले. १९६४ मध्ये पुन्हा लीग, आणि नंतर युरोपियन कपात पोर्तुगालच्या बेनफिकाला घरच्या मैदानावर १-१ असं रोखलं. त्यांचा शार्ल आंतनेन, सगळे त्याला 'किकी' म्हणत, १९५०, १९५४ आणि १९६२ असे तीन विश्वचषक खेळला आणि आपलं गाव सोडून गेला नाही. १९५४ मध्ये लोझानला ऑस्ट्रियाने स्वित्झर्लंडला ७-५ ने हरवलं, विश्वचषकातला सर्वाधिक गोलांचा सामना तो. त्या संघात आंतनेन होता आणि ला शो-द-फोंचाच विली केर्नेनही. सत्तरच्या दशकात क्वार्ट्झ घड्याळं आली, गावचे कारखाने बंद पडले, वस्ती घटली. क्लबही गावासोबत खचत गेला आणि २००९ मध्ये दिवाळं निघालं. आज शारिएरच्या त्या मैदानावर गेलं की जिथे बेनफिका खेळली तिथे खालच्या श्रेणीतला सामना चाललेला दिसतो. माझा जीव तुटतो, तरीही मी जातो.

पण बीलचं बघा. १९४७ चा विजेता. २०१६ मध्ये दिवाळखोरी, मग कितीतरी पायऱ्या खालून पुन्हा सुरुवात. २०२५ मध्ये तिसऱ्या श्रेणीत असताना त्यांनी स्विस चषकाच्या उपांत्य सामन्यात सुपर लीगमधल्या यंग बॉइज संघाला हरवलं. तिसऱ्या श्रेणीतला संघ अंतिम सामन्यात पोचण्याची ती पहिलीच वेळ. बर्नला बाझेलकडून ४-१ ने हरले. पण त्या दिवशी बीलमध्ये फ्रेंच बोलणारे आणि जर्मन बोलणारे एकाच गाडीत बसून एकच घोषणा देत होते.

लोक का जातात, तर यासाठी. विंटरथूरच्या श्युट्झेनवीझे मैदानात लहान मुलांसाठी वेगळा कोपरा आहे, त्याला 'सिरुपकुर्वे' म्हणतात, म्हणजे सरबताचा कोपरा. मुलं तिथे सरबत पीत आरडाओरडा करतात. माझी मुलगी तिथेच पहिल्यांदा ओरडायला शिकली. २०२२ मध्ये सदतीस वर्षांनी आमचा क्लब सुपर लीगमध्ये परतला, तेव्हा माझ्या शेजारचे आजोबा रडत होते. १९८५ मध्ये खाली घसरताना त्यांनी बघितलेलं होतं.

तुम्ही इकडे येणार असाल तर मोठ्या संघाचं तिकीट जरूर काढा, पण एक दुपार खालच्या श्रेणीसाठी ठेवा. २०२५ मध्ये शाफहाउसेन तिसऱ्या श्रेणीत घसरला आणि बीलच्या जोडीला आला. आता ते टेकडीवर खेळत नाहीत, २०१७ पासून हर्ब्लिंगेनच्या नव्या मैदानावर खेळतात, हर्ब्लिंगेन स्टेशनपासून जवळच. सामन्याआधी तासभर हाताशी असेल तर वर ब्राइटेला चालत जा. कळवलंत तर मीही येईन.