सरकारी ऑफिसमधल्या स्कॅन फाइली पुराभिलेखाकडे (जुने सरकारी कागद जपणाऱ्या खात्याकडे) द्यायच्यात, हार्ड डिस्कवर कॉपी करून दिल्या तर चालतील का? (ठाणे)

नाही, नुसती कॉपी पुरत नाही, सोबत नीट यादी आणि प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते तपासायला तिच्यावरून काढलेली अंक-अक्षरांची खूण) हवाच. बेलापूरला रेकॉर्ड स्कॅनिंगचंच काम करते म्हणून सांगते, 'स्कॅन००४७' नावाची फाइल वीस वर्षांनी उघडली तरी ती कुठल्या टेबलाची, कुणाच्या जमिनीची हे कुणालाच कळणार नाही, त्यामुळे यादीत फाइल क्रमांक, विषय, शाखा, वर्ष आणि अ-ब-क-ड वर्ग (कागद किती काळ जपायचा ते सांगणारा) टाका, आणि निंदणीकरण, म्हणजे मुदत संपलेले कागद नियमाप्रमाणे वेगळे काढणं, आधी उरका. फॉरमॅट पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपण्यासाठीचा पीडीएफ) ठेवा, त्यात फॉन्ट फाइलच्या आतच असतो, नाहीतर स्कॅनसोबत कॉम्प्युटरवर टाइप केलेल्या फाइली असतील तर जुन्या मराठी फॉन्टमधलं टायपिंग दुसऱ्या मशीनवर पार गिचमिड दिसतं. मग एसएचए-२५६ या पद्धतीने चेकसम काढायचा, तिकडे कॉपी झाल्यावर परत काढून जुळवायचा, एक अक्षर जरी वेगळं आलं तरी ती फाइल पुन्हा पाठवायची. जुळल्याचं लेखी हातात येईपर्यंत इकडचं काहीही डिलीट करू नका, प्लीज. फक्त एक, स्कॅन झालं म्हणून मूळ कागद फाडता येत नाही, महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ प्रमाणे ठरलेल्या पद्धतीशिवाय अभिलेख नष्ट करता येत नाहीत.